व्हॉल्व्हची वेळ आणि तेलाची वाट

“गाडी तीन हजार आरपीएमपर्यंत रडत रडत चालते आणि त्यानंतर एकदम उचल घेते. स्कॅनर लावला तर एकही कोड नाही. मग दोष आहे कुठे?” जुनी स्पोर्ट्स कार सांभाळणाऱ्यांकडून हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. त्याच्या जोडीला दुसराही असतो : “चेक इंजिनचा दिवा लागला, कोड आला पी ००११. गॅरेजवाला म्हणतोय सोलेनॉइड बदला. बदलू का?”

पहिल्याच्या गाडीत दोष आहे, पण कोड नाही. दुसऱ्याच्या गाडीत कोड आहे, पण ज्या भागावर बोट ठेवलं जातंय तो ठणठणीत असण्याची बरीच शक्यता आहे. दोघांच्याही अडचणीचं मूळ व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजेच व्हीव्हीटी, या एकाच यंत्रणेत आहे. तिच्यात सेन्सर आहेत, तारा आहेत, संगणकाचा हुकूम आहे, म्हणून आपण तिला इलेक्ट्रॉनिक समजतो. पण हुकूम झाल्यावर प्रत्यक्ष काम करतं ते इंजिनातलं तेल. हे एकदा लक्षात आलं, की बिघाड शोधायचा क्रम आपोआप हाती लागतो आणि निम्मा अनावश्यक खर्च वाचतो.

१. व्हॉल्व्हला कुठली वेळ सांभाळायची असते?

सिलिंडरच्या माथ्यावर दोन प्रकारचे व्हॉल्व्ह असतात. इनटेक व्हॉल्व्हमधून हवा आणि पेट्रोल आत येतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जळलेला वायू बाहेर जातो. हे व्हॉल्व्ह उघडण्याचं काम कॅमशाफ्ट करतो. हा एक लांब दांडा असतो आणि त्याच्या अंगावर ठरावीक जागी उंचवटे असतात. उंचवटा फिरून व्हॉल्व्हवर आला की व्हॉल्व्ह दाबला जाऊन उघडतो, पुढे सरकला की स्प्रिंग त्याला बंद करते. क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरतो. दोघांना बांधून ठेवते ती टायमिंग चेन किंवा बेल्ट.

सरळ हिशेबाने पाहिलं तर पिस्टन तळाला पोचला की इनटेक व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. पण हवेलाही वजन आहे. वेगाने आत शिरणारी हवा पिस्टन थांबला म्हणून जागच्या जागी थांबत नाही, मागच्या जोराने आणखी थोडी आत येत राहते. म्हणून व्हॉल्व्ह जरा उशिरा बंद करतात. हा उशीर किती असावा, इथेच सगळी मेख आहे.

समजा, पिस्टनने तळ ओलांडल्यावर क्रँक आणखी ६० अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो. १,००० आरपीएमला क्रँकच्या एका फेऱ्याला ६० मिलिसेकंद लागतात, म्हणजे ६० अंशांना १० मिलिसेकंद. ८,००० आरपीएमला एक फेरा साडेसात मिलिसेकंदांत होतो आणि तेच ६० अंश सव्वा मिलिसेकंदात उरकतात. अंश तेवढेच, पण हवेला मिळणारा वेळ आठपट कमी.

गर्दीच्या वेळी दादरला एसी लोकल उभी राहते तेव्हा डबा भरल्यासारखा दिसला तरी मागच्या रेट्याने आणखी दहा माणसं आत जातात. दार दोन क्षण उशिरा लागलं तर फायदाच होतो. दुपारी प्लॅटफॉर्म रिकामा असताना दार तितकंच उघडं ठेवलं तर मागून रेटा नसतो आणि आत कुणी सरकलं की दाराशी उभा असलेला माणूस बाहेर ढकलला जातो. कमी आरपीएमला नेमकं हेच होतं. वर येणारा पिस्टन नुकतीच आत आलेली हवा उघड्या व्हॉल्व्हमधून परत मागे लोटतो. हवा कमी भरली की ताकद कमी.

म्हणून एकाच ठरलेल्या वेळेवर चालणारं इंजिन नेहमी तडजोड करतं. शर्यतीसाठी बांधलेलं इंजिन आठ हजारांवर गर्जतं, पण सिग्नलला उभं राहिलं की धडधडतं आणि बंद पडू पाहतं. शहरातलं इंजिन सिग्नलला शांत असतं, पण वरच्या आरपीएमला त्याचा दम संपतो. स्पोर्ट्स कारच्या मालकाला दोन्ही हवं असतं. त्याच हट्टातून व्हीव्हीटी जन्माला आली.

२. कॅम सरकवण्याचे दोन मार्ग

रस्त्यावरच्या गाडीत ही यंत्रणा पहिल्यांदा बसवली ती अल्फा रोमिओने, १९८० साली, आपल्या स्पायडर या उघड्या टपाच्या गाडीत. त्यानंतर दोन घराणी तयार झाली.

पहिलं घराणं कॅमशाफ्टला त्याच्या चेनच्या चक्राच्या तुलनेत काही अंश पुढे किंवा मागे फिरवतं. व्हॉल्व्ह किती उघडतो ते बदलत नाही, कधी उघडतो ते बदलतं. पोर्शेने १९९२ च्या ९६८ मध्ये आणलेलं व्हेरिओकॅम, बीएमडब्ल्यूने त्याच वर्षी आणलेलं व्हॅनोस आणि टोयोटाचं व्हीव्हीटी-आय ही सगळी या घराण्यातली.

दुसरं घराणं होंडाचं. इकुओ काजितानी यांच्या चमूने घडवलेलं व्हीटेक १९८९ साली इंटिग्रा गाडीत आलं. १.६ लिटरच्या त्या इंजिनाची ताकद १६० पीएस होती, म्हणजे लिटरमागे शंभर. टर्बो नसलेल्या, रोज वापरायच्या गाडीसाठी तो आकडा थक्क करणारा होता. यात कॅमवर दोन प्रकारचे उंचवटे असतात, एक सौम्य आणि एक आक्रमक. वेग वाढला की तेलाच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, उंचवटे आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले रॉकर आर्म एकमेकांना जखडले जातात आणि व्हॉल्व्हचा ताबा आक्रमक उंचवट्याकडे जातो. १९९९ च्या एस२००० मध्ये हा बदल सहा हजारांच्या जरा अलीकडे होतो आणि इंजिन पुढे ९,००० पर्यंत जातं. त्या टोकाला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो आणि मिटतो.

काही इंजिनांत दोन्ही घराणी एकत्र नांदतात. टोयोटाने यामाहाच्या साथीने केलेलं २झेडझेड-जीई हे इंजिन तसं आहे. सेलिका आणि लोटस एलिस या गाड्यांमध्ये ते बसलं.

हे सगळं दूरच्या देशांतलं वाटेल, पण या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे रस्त्यावर आलेली होंडा सिटी व्हीटेक आठवा. आज मारुतीच्या के-सिरीज इंजिनांवरही व्हीव्हीटी ही अक्षरं असतात. स्पोर्ट्स कारमध्ये हीच यंत्रणा जास्त तापते, जास्त वेगाने फिरते आणि म्हणून तिचे दोष लवकर उघडे पडतात.

३. हुकूम विजेचा, हात तेलाचे

आता पहिल्या घराण्यातल्या एका यंत्रणेच्या आत डोकावू. चेनचं चक्र बाहेरून पाहिलं तर जाडजूड डबी दिसते. तिला फेझर म्हणतात. डबीचं बाहेरचं कवच चेनबरोबर फिरतं. आतला पाकळ्यांचा भाग कॅमशाफ्टला बोल्टने घट्ट केलेला असतो. पाकळीच्या एका बाजूला तेल भरलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला भरलं की मागे.

तेल कुठल्या बाजूला सोडायचं हे ठरवतो ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह. गॅरेजमध्ये ज्याला सरसकट ‘सोलेनॉइड’ म्हणतात तो हाच. त्याच्या एका टोकाला विजेचं वेटोळं असतं आणि दुसऱ्या टोकाला खाचा पाडलेली एक बारीक दांडी. ही दांडी तिच्या नळीत इतकी नेमकी बसलेली असते की मध्ये फक्त तेलाचा पातळ थर राहावा. तोंडाशी बहुधा बारीक जाळी असते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, वीज कमी-जास्त करतो, दांडी सरकते, तेलाची वाट बदलते. क्रँक आणि कॅमवरचे सेन्सर कॅम नेमका किती सरकला ते ईसीयूला परत कळवतात.

आणखी एक छोटी गोष्ट, जिच्याकडे दुर्लक्ष होतं. इंजिन बंद असताना तेलाचा दाब शून्य असतो. तेव्हा आतली पाकळी सैल राहू नये म्हणून एक लॉक पिन तिला अडकवून ठेवते. ही पिन किंवा तिचं भोक झिजलं की सकाळी सेल्फ मारल्यावर पहिले एक-दोन सेकंद खडखड ऐकू येते, मग तेल पोचतं आणि आवाज थांबतो. अल्फा रोमिओच्या ट्विन स्पार्क इंजिनांत कॅम सरकवणारा भाग झिजला की तसाच आवाज इतका ठसठशीत येतो की क्षणभर डिझेल गाडी सुरू झाली असं वाटावं. तिथले जाणकार बेल्ट बदलताना हा भागही बदलून टाकतात.

तेल कमी झालं, जुनं होऊन चिकट झालं, चुकीच्या ग्रेडचं पडलं, वाटेत जाळी तुंबली किंवा सील सुटून गळलं, तर हुकूम बरोबर असूनही कॅम योग्य जागी वेळेवर पोचत नाही. आणि ईसीयूला फक्त एवढंच कळतं, की मी सांगितलं ते झालं नाही.

४. कोड काय सांगतो?

पी ००१० म्हणजे सोलेनॉइडच्या विजेच्या मार्गात खोट. पी ००११ म्हणजे इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे आहे किंवा हुकमाप्रमाणे चालत नाही. पी ००१२ म्हणजे तो मागे राहिला आहे. पी ००१४ ही एक्झॉस्ट कॅम पुढे असल्याची तक्रार. पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळच जुळत नाही. एस२००० च्या काळातल्या होंडा गाड्यांत पी १२५९ हा व्हीटेकचा कोड.

यांतल्या पी ००१० मध्येच विजेकडे थेट बोट आहे. बाकीचे कोड परिणाम सांगतात, कारण सांगत नाहीत. म्हणून पी ००११ दिसताच सोलेनॉइड मागवणं मला मुळीच पटत नाही. स्कॅनरमध्ये कोडच्या पुढचा एक पडदा असतो, लाइव्ह डेटाचा. तिथे ‘मागितलेला कोन’ आणि ‘मिळालेला कोन’ शेजारी शेजारी दिसतात. पाच मिनिटं तो पडदा पाहिला तर पाच हजारांचा भाग वाचू शकतो.

तीन गाड्या घेऊ. पहिलीत ईसीयू ३० अंश मागतो आणि कॅम ३० वर जातो, पण रेंगाळत, दोन-तीन सेकंद घेऊन. वाट उघडी आहे, तेल मात्र जोराने पोचत नाही. तेलाची पातळी, जुनं तेल, जाळी किंवा सील यांच्यावर संशय. दुसरीत ३० मागितले तरी कॅम शून्यावरून हलतच नाही. सोलेनॉइड मेला असेल, कपलर सुटला असेल, दांडी जाम झाली असेल किंवा लॉक पिन सुटत नसेल. तिसरीत कॅम हुकमाबरोबर चपळ हलतो, पण आयडलिंगपासून वरपर्यंत प्रत्येक आकड्यात आठ-नऊ अंशांची तीच ती चूक दिसते. इथे व्हीव्हीटीचा दोष नाही. बहुधा चेन ताणली गेली आहे किंवा कुणीतरी बसवताना एक दात चुकवला आहे. तिन्ही गाड्यांत व्हीव्हीटीचाच कोड येऊ शकतो आणि तिघींची दुरुस्ती निरनिराळी.

पी ००१६ आणि त्याबरोबर चेनच्या बाजूने खडखड, असा जोड दिसला तर मात्र गाडी पुढे चालवू नये. टो करून न्यावी. स्पोर्ट्स कारच्या बहुतेक इंजिनांत चेनने दात सोडले की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि दुरुस्तीचा प्रश्न इंजिनाच्या प्रश्नात बदलतो.

५. आधी डिपस्टिक, मग मीटर, शेवटी पाना

तपासणी स्वस्त आणि सोप्या गोष्टीपासून सुरू करून महागाकडे न्यायची.

गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक पाहा. तेल खालच्या खुणेशी असेल तर अनेक गाड्यांत ते साधारण एक लिटर कमी असतं. साध्या गाडीत एवढ्याने लगेच काही होत नाही. पण सात-आठ हजार आरपीएमवर लांब वळण घेताना उरलेलं तेल इंजिनाखालच्या चेंबरच्या एका कडेला जातं, पंपाला क्षणभर हवा मिळते आणि दाब कोसळतो. ‘फक्त ट्रॅकवर, फक्त डाव्या वळणावर कोड येतो’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा. होंडाच्या व्हीटेक कोडच्या तपासणीतही पहिली पायरी तेल पाहण्याचीच असते. तेलाचा ग्रेड बिलावर बघा, आठवणीवर विसंबू नका.

मग वीज. कपलर काढून आत तेल झिरपलंय का ते पाहायचं. मल्टिमीटरने वेटोळ्याचा रेझिस्टन्स मोजायचा. होंडाच्या व्हीटेक सोलेनॉइडला थंड असताना १४ ते ३० ओहम अपेक्षित असतात. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे, ते त्या त्या मॅन्युअलमध्ये बघावेत. रेझिस्टन्स बरोबर आला म्हणजे सोलेनॉइड निर्दोष ठरला असं नाही, फक्त वेटोळं निर्दोष ठरलं. दांडी कचऱ्याने अडकलेली असू शकते. सोलेनॉइड बाहेर काढून, मॅन्युअलची परवानगी असेल तर क्षणभर बॅटरीची वीज देऊन, दांडी चटकन सरकते आणि वीज काढताच परत येते का ते डोळ्यांनी पाहता येतं. वीज फार वेळ देऊ नये, वेटोळं जळतं.

इनटेक आणि एक्झॉस्टचे सोलेनॉइड एकसारखे असलेल्या इंजिनांत एक फुकटची युक्ती आहे. बीएमडब्ल्यूचं एन ५४ हे तसं इंजिन. दोन्ही सोलेनॉइडांची अदलाबदल करा, कोड पुसा आणि गाडी चालवा. कोड इनटेककडून एक्झॉस्टकडे गेला तर दोष सोलेनॉइडचा. कोड जागचा हलला नाही तर नवा सोलेनॉइड घेऊन काहीच साधणार नाही. काढलेल्या सोलेनॉइडची जाळी उजेडाकडे धरून पाहावी. काळा गाळ निघाला तर तेल बदलायला उशीर झाला आहे. चमकदार चुरा दिसला तर इंजिनात धातू झिजतोय आणि प्रकरण गंभीर आहे. सिलिकॉनचे लिबलिबीत तुकडे निघाले तर मागच्या वेळी कुणीतरी गॅस्केटऐवजी सढळ हाताने सीलंट वापरलंय. अनुभवी मिस्त्री एवढ्यावरून गाडीचा इतिहास सांगतो.

इथपर्यंत काहीच सापडलं नाही तर तेलाचा दाब यांत्रिक गेज लावून मोजायचा, थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर, दोन्ही वेळा. त्यानंतरच टॅपेट कव्हर उघडायचं.

६. दोन इंजिनं जवळून

सुरुवातीच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. तीन हजारांखाली पिकअप नाही, कोडही नाही. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यूचं एम ५४. हे सहा सिलिंडरचं इंजिन २००० नंतर झेड३, झेड४ आणि तीन सिरीजमध्ये बसलं. त्याच्या व्हॅनोसमध्ये तेल एका पिस्टनला ढकलतं. पिस्टन तिरक्या दातांच्या पेल्याला आत-बाहेर सरकवतो आणि दात तिरके असल्यामुळे कॅम फिरतो. पिस्टनवर सील आहे आणि सीलला आतून ताणून धरणारी रबरी ओ-रिंग. कारखान्यातून आलेली ओ-रिंग नायट्राइल रबराची असते. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून ती कडक होते. जुनी रिंग काढून नव्या रिंगशेजारी ठेवली तर नवी गोल आणि लवचीक दिसते, जुनी चपटी आणि बोटांनी वाकवली तर कट्कन तुटणारी. मग तेल पिस्टनच्या कडेने निसटतं, कॅम जागी पोचतो पण उशिरा, आणि पोचल्यावर स्थिर राहत नाही. चूक ईसीयूच्या सहनशीलतेत बसते म्हणून दिवा लागत नाही.

मालकाला जाणवतं ते असं : सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते, थंड असताना आयडलिंग हेलकावतं, पेट्रोल जरा जास्त लागतं. हे सगळं इतक्या हळू वाढतं की गाडीला वय झालं असं वाटून माणूस त्याची सवय करून घेतो. इलाज स्वस्त आहे. व्हायटनसारख्या उष्णता सोसणाऱ्या रबराच्या रिंगा आणि नवे सील घातले की प्रश्न सुटतो. पूर्ण व्हॅनोस युनिट बदलायची गरज सहसा नसते.

दुसरं इंजिन एस ५४. २००० ते २००६ च्या एम३ गाडीतलं, ३,२४६ सीसी, ३४३ अश्वशक्ती, लाल रेघ ८,००० वर. इथे कॅम फार झपाट्याने सरकावा लागतो आणि त्याला इंजिनाच्या नेहमीच्या पंपाचा दाब पुरत नाही. म्हणून व्हॅनोसच्या पोटात वेगळा पंप आहे, तो तेलाचा दाब शंभर बारच्या वर नेतो. आपल्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज यावा. हा पंप फिरतो एक्झॉस्ट कॅमच्या टोकाला असलेल्या चकतीमुळे, म्हणजे हबमुळे. चकतीवर दोन छोटे कान उभे आहेत, ते पंपाच्या तबकडीतल्या दोन भोकांत शिरतात. भोकं कानांपेक्षा किंचित मोठी. आरपीएम वर-खाली झालं की कान भोकाच्या भिंतीवर आपटतो, दर वेळी थोडासा. लाखो वेळा आपटून त्याच्या मुळाशी तडा जातो आणि एक दिवस तो तुटतो. एक तुटला की सगळा भार दुसऱ्यावर. दोन्ही गेले की पंप थांबतो, गाडीची ताकद जाते, कोडांची रांग लागते आणि तुटलेला पोलादाचा तुकडा चेनच्या आसपास पडलेला असतो. तो दातात सापडला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. याच भागातले कॅमच्या हबचे बोल्ट सैल होण्याचीही खोड आहे.

हा दोष तेल वेळेवर बदलून टळत नाही, कारण तो मोजमापातला दोष आहे. म्हणून या गाडीच्या मालकाने टॅपेट सेट करायला कव्हर उघडलं की आरशाने आणि टॉर्चने दोन्ही कान पाहावेत, तडा दिसला तर हब बदलावा आणि घट्ट बसणाऱ्या भोकांची तबकडी घालावी. दुखणं आधी कळलं तर काही तासांचं काम असतं.

सेलिका आणि एलिसमधल्या २झेडझेडबद्दल एवढंच, की ६,२०० च्या आसपास येणारा तो ठसठशीत दुसरा जोर अचानक नाहीसा झाला, कोड असो वा नसो, तर रॉकर शाफ्टचे बोल्ट आधी तपासावेत. सुरुवातीच्या वर्षांतले हे बोल्ट मानेशी झिजून तुटतात, तेल तिथेच सांडतं आणि पिन सरकवायला दाब उरत नाही. इंजिन तापलेलं नसेल तर तो जोर मुद्दामच दिला जात नाही, म्हणून थंड गाडीवर हा निष्कर्ष काढू नये.

७. बिघाड टाळायचा तर

तेल किती किलोमीटरला बदलायचं, हा प्रश्न आपल्याकडे अपुरा पडतो. १०,००० किलोमीटर द्रुतगती मार्गावर ताशी ८० ने झाले तर इंजिन १२५ तास चाललं. तेच १०,००० पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत ताशी २० च्या सरासरीने झाले तर ५०० तास. ओडोमीटरवर आकडा सारखाच, तेलाने मात्र चौपट वेळ उष्णता सोसली. युरोपातल्या मोकळ्या रस्त्यांसाठी आखलेलं २४-२५ हजार किलोमीटरचं लांबलचक अंतर इथे पाळणं मला घातक वाटतं. शहरात चालणाऱ्या व्हीव्हीटी इंजिनाला सात-आठ हजारांना, आणि गाडी फारशी फिरली नाही तरी वर्षातून एकदा, नवं तेल द्यावं. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीच्या तेलात ओलावा आणि आम्ल साठतं. दिवाळीला पहिली चक्कर मारण्याआधी ते काढून टाकलेलं बरं.

ग्रेडबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे : ‘आपल्याकडे ऊन जास्त, जाड तेल घाला.’ ग्रेडमधला पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर ते किती दाट राहतं ते. बीएमडब्ल्यूने एस ५४ साठी १०डब्ल्यू-६० सांगितलं, कारण ते इंजिन तसं बांधलेलं आहे. तेच तेल ०डब्ल्यू-२० वर चालणाऱ्या इंजिनात घातलं तर फेझरच्या बारीक वाटांमधून ते वेळेवर सरकत नाही आणि ठणठणीत गाडीत पी ००११ उगवतो. कारखान्याने सांगितलेला ग्रेडच घालावा.

फिल्टरमध्ये पैसे वाचवू नयेत. चांगल्या फिल्टरच्या आत रबराची एक पडदी असते, ती इंजिन बंद झाल्यावर तेल परत चेंबरमध्ये उतरू देत नाही. ही पडदी निकामी असेल तर रोज सकाळी फेझर कोरडा असतो आणि लॉक पिनला मार बसतो. नव्या फिल्टरने सकाळची खडखड थांबली, अशी उदाहरणं गॅरेजमध्ये थोडी नाहीत.

एम३ च्या टॅकोमीटरवर बारीक दिव्यांची एक कड आहे. थंड इंजिनावर ती साधारण ४,००० आरपीएमपासून पुढे पेटलेली असते आणि तेल तापत जाईल तसा एकेक दिवा विझत लाल रेघ वर सरकते. ज्या गाडीत असे दिवे नाहीत तिच्या चालकाने स्वतः तेवढा धीर धरावा. पाण्याचा काटा मधोमध आला तरी तेल तापायला त्यानंतर आणखी काही मिनिटं लागतात. ट्रॅकवरून आल्यावरही लगेच इंजिन बंद करू नये. एक फेरी सावकाश घ्यावी, म्हणजे गरम तेल एकाच जागी करपत नाही.

बाजारात ‘इंजिन फ्लश’ मिळतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या इंजिनात ते ओतणं मी टाळीन. भिंतींना चिकटलेला गाळ एकदम सुटतो आणि सगळ्यात बारीक वाटेत, म्हणजे सोलेनॉइडच्या जाळीत, जाऊन बसतो. त्यापेक्षा चांगलं तेल घालून ते दोन-तीन हजार किलोमीटरला बदलावं, असं दोनदा करावं. गाळ हळूहळू आणि फिल्टरमार्गे जातो.

८. वापरलेली गाडी घेताना

विक्रेत्याला आधी सांगून ठेवा की गाडी थंडच दाखवायची. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. आधी तापवून ठेवलेल्या इंजिनात लॉक पिनची खडखड ऐकू येत नाही. खिडक्या उघड्या ठेवून, रेडिओ बंद करून सेल्फ मारा आणि पहिले पाच सेकंद कुणी बोलू नका.

मग गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवा आणि तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजारांपासून एकसारखी रेस देत वरपर्यंत न्या. ताकद सलग वाढायला हवी. मध्येच खड्डा आणि मग झेप, असं झालं तर सीलचा किंवा सोलेनॉइडचा खर्च किमतीतून वजा धरा. होंडा असेल तर सहा हजारांपाशी आवाजाचा पोत बदलला का ते कान देऊन ऐका.

परत आल्यावर स्कॅनर लावा. कोड नाहीत एवढ्यावर थांबू नका. स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस’ नावाची यादी असते. ईसीयूने आपल्या कुठल्या चाचण्या पूर्ण केल्या आहेत ते ती सांगते. बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसले गेले आहेत किंवा बॅटरी काढली होती. विक्रेत्याला कारण विचारा आणि दोनशे किलोमीटर चालल्यानंतर पुन्हा स्कॅन करून देण्याची अट घाला. तेलाची बिलं मागा, ग्रेड वाचा, दोन बिलांमधलं अंतर काढा. एस ५४ असेल तर टॅपेट कव्हर शेवटचं कधी उघडलं आणि त्या वेळी कुणी हबचे कान पाहिले का, हा प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर सौदा ठरण्याआधी आपल्या मिस्त्रीला घेऊन ते कव्हर उघडून पाहू देण्याची परवानगी मागा.